तासगावच्या द्राक्षवेलीची कूळकथा

फेब्रुवारी महिना उजाडला की विश्रामबागेच्या चौकातून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला द्राक्षांच्या हातगाड्या उभ्या राहू लागतात. संध्याकाळी महाविद्यालये सुटलेली असतात, कामावरून परतणारी माणसे घाईत असतात, तरीही पाय गाडीपाशी थबकतात. भाव विचारण्याआधी गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारते, "तासगावची आहेत ना?" आणि गाडीवाला, खरे असो वा नसो, मान डोलावतो. आमच्या घरी मुंबईहून वा वसईहून पाहुणे आले की परतताना त्यांच्या हाती द्राक्षांची एक पेटी आणि बेदाण्याची एक पिशवी द्यायची, हा शिरस्ता कित्येक वर्षांचा आहे. अशाच एका पाहुण्याने एकदा विचारले, "ही द्राक्षे मुळात इथलीच का?" प्रश्न साधा होता, परंतु उत्तर देताना माझी पंचाईत झाली. द्राक्ष इथले होते आणि नव्हतेही. त्या प्रश्नाच्या उत्तराचा शोध घेता घेता जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

बी आणि काडी

आरंभी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. फळझाडाचे 'वाण' म्हणजे काय? सफरचंद खाऊन त्याचे बी परसात पुरले आणि दैवयोगाने ते झाड वाढले, तरी त्याला मूळ झाडासारखे फळ येईलच असे नाही. बहुधा येतच नाही. बीजातून जन्मलेले झाड हे लेकरू असते. त्यात दोन कुळांचे गुण मिसळलेले असतात. आवडलेले फळ जसेच्या तसे पुन्हा हवे असेल, तर त्याच झाडाची फांदी घेऊन कलम करावे लागते. द्राक्षाचेही तसेच आहे. तासगावजवळच्या एका वयस्क बागाईतदाराने मला हे आपल्या भाषेत दोन वाक्यांत समजावले होते. ते म्हणाले, "सर, बी टाकून बाग हुत न्हाई. ज्या येलाचं फळ पायजे, त्याचीच काडी लावायला लागती."

'काडी' हा शब्द या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे. छाटणीच्या वेळी वेलीची पक्व काडी कापून मातीत रोवली की तिच्या डोळ्यातून कोंब फुटतो आणि नवी वेल उभी राहते. ही नवी वेल जुन्या वेलीची संतती नव्हे. तीच वेल नव्या जागी वाढते आहे, असेच म्हणावे लागेल. म्हणूनच एखाद्या वाणाचा इतिहास म्हणजे एका काडीचा प्रवास होय.

दख्खनची जुनी द्राक्षे

द्राक्ष दख्खनला नवे नाही. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेस आला होता. तेथे द्राक्षे व डाळिंबे होतात आणि ती वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. त्याला नवल वाटले यात आश्चर्य नाही. थंड मुलुखात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून निजते आणि वसंतात जागी होते. तिला वर्षातून एकदाच फळ येते. आपल्याकडे तिला झोपवणारी थंडीच नाही. ती बारा महिने हिरवी राहू पाहते, आणि जेव्हा छाटावे तेव्हा फुटते. दख्खनच्या द्राक्षशेतीचे सारे तंत्र या एका गोष्टीभोवती फिरते.

पुढील काळात नाशिक-पुण्याकडे भोकरी, फकडी, पांढरी साहेबी अशा वाणांच्या बागा होत्या. हैदराबादेत 'अनाब-ए-शाही' हे भरघोस उत्पन्नाचे वाण रुजले. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी पांढऱ्या साहेबीच्या रोपांतून निवड करून 'चीमा साहेबी' हे वाण दिले; डाळिंबाचे 'गणेश' हे वाणही त्यांचेच. ही सारी द्राक्षे बियांची होती. त्यांची चव जुन्या लोकांच्या जिभेवर अजून आहे. मात्र बाजारातून ती जवळजवळ नाहीशी झाली. त्यांची जागा घेतली ती एका बिनबियांच्या वेलीने.

थॉम्प्सन यांची एक काडी

त्या वेलीची गोष्ट आपल्यापासून फार दूर, अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात घडली. इंग्लंडहून येऊन तेथील सटर परगण्यात स्थायिक झालेले विल्यम थॉम्प्सन नावाचे एक शेतकरी होते. १८७२ साली त्यांनी न्यूयॉर्क प्रांतातील रॉचेस्टर येथील एल्वँगर आणि बॅरी यांच्या रोपवाटिकेतून 'लेडी डी कव्हर्ली' नावाच्या द्राक्षाच्या तीन काड्या मागवल्या. तीनपैकी एकच जगली. १८७५ साली तिची फळे जवळच्या मेरिसव्हिल गावच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि लोक पाहतच राहिले. पिवळसर हिरवे, पातळ सालीचे, गोड, आणि चावताना दाताखाली बी येत नाही असे ते द्राक्ष होते. शेजाऱ्यांनी काड्या नेल्या, आणि वाणाला नाव पडले 'थॉम्प्सन सीडलेस'. आपल्या शेतकऱ्यांनी त्याचे 'थॉमसन' केले.

परंतु थॉम्प्सन हे या वेलीचे जनक नव्हते. ही वेल पूर्वापार पश्चिम व मध्य आशियात वाढत आली आहे. तुर्कस्तानात तिला 'सुलताना' म्हणतात. इराण-अफगाणिस्तानाकडे हिरव्या बेदाण्याची 'किशमिश' होते ती याच कुळातील. म्हणजे आशियातील एक वेल युरोपमार्गे अमेरिकेत गेली, तेथे नवे नाव घेतले, आणि त्या नावानिशी पुन्हा आशियात परतली.

बी का नाही?

बिनबियांचे द्राक्ष म्हणजे औषधे मारून बी घालवलेले द्राक्ष, अशी अनेकांची समजूत आहे. ती बरोबर नाही. या वेलीच्या फुलात परागीभवन होते, फळही धरते आणि बी घडावयास आरंभही होतो. परंतु लवकरच त्या बीजाची वाढ खुंटते. मणी वाढत राहतो आणि बीज मात्र एका मऊ, बारीक खुणेच्या रूपाने आत राहून जाते. मणी उभा चिरून पाहिला तर ती खूण दिसते. हा त्या वेलीच्या पिंडातलाच गुण आहे.

या गुणाची दुसरी बाजू विचार करावयास लावणारी आहे. ज्याला बीज नाही, त्याला स्वतःहून संतती नाही. पक्षी हे बी दूर नेणार नाही, पावसात ते रुजणार नाही. माणसाने काडी कापून लावली तरच ही वेल पुढच्या पिढीस दिसते. शतकानुशतके ती टिकली, याचा अर्थ शतकानुशतके कोणी ना कोणी ती काडी लावीत आला.

वेल तासगावी येते

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थॉमसनच्या काड्या महाराष्ट्रात पसरू लागल्या. १९६० साली पुण्यात महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ स्थापन झाला आणि बागाईतदार एकमेकांच्या अनुभवावर शिकू लागले. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्याचेही नामांतर झाले. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून व भोवतालच्या संस्थानी मुलुखातून 'दक्षिण सातारा' हा जिल्हा निर्माण झाला होता. १९६० साली त्याचे 'सांगली' झाले.

तासगाव तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. येरळा आणि अग्रणी या इथल्या नद्या. पावसाळा सरला की त्यांची पात्रे कोरडी पडत. कृष्णाकाठच्या गावांना ऊस होता; तासगाव, कवठे महांकाळ, जत या पूर्वेकडील गावांना ज्वारी आणि पावसाची वाट. परंतु जी कोरडी हवा ज्वारीवाल्याला गरीब ठेवीत होती, तीच द्राक्षाला मानवली. मुरमाड, पाण्याचा निचरा होणारी जमीन, लख्ख ऊन, फळ पिकण्याच्या दिवसांत कोरडे वारे, एवढे असले आणि विहिरीला थोडे पाणी असले की थॉमसनची वेल खुलते.

इथेच या वेलीला तिचे मराठी नाव मिळाले. एखाद्या बागेतील हजारो वेली एकाच काडीच्या असल्या तरी क्वचित एखाद्या वेलीच्या एखाद्या डोळ्यात आपोआप सूक्ष्म बदल होतो. त्या फांदीचा मणी इतरांहून लांबट होतो, घड सुटसुटीत होतो वा रंग बदलतो. असा बदल पाहणारा डोळा हवा आणि ती काडी वेगळी राखण्याचा धीर हवा. तासगाव तालुक्यातील बोरगावचे द्राक्ष बागाईतदार वसंतराव आर्वे यांच्यापाशी ही दोन्ही होती. थॉमसनच्या वेलींतून त्यांनी निवडलेले वाण 'तास-ए-गणेश' या नावाने महाराष्ट्रभर गेले. 'तास' म्हणजे तासगाव. आणि परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेले गणपतीचे देऊळ व त्याचे दाक्षिणात्य धाटणीचे गोपूर ज्या गावात आहे, तेथे गणेशाचे नाव का आले हे वेगळे सांगावयास नको.

सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे नानासाहेब काळे यांनी याच पद्धतीने थॉमसनमधून लांब मण्यांचे 'सोनाका' निवडले, तर रशियाकडील काळ्या किशमिशीतून 'शरद सीडलेस' हे काळे द्राक्ष दिले. या दोघांपैकी कोणाचीही प्रयोगशाळा नव्हती. रोज सकाळी आपल्याच बागेतून लक्ष देऊन हिंडणे, हेच त्यांचे संशोधन.

वाणाचे गुण आणि बागाईतदाराचे वर्ष

तास-ए-गणेशचा मणी हिरवट पांढरा, पिकल्यावर पिवळसर झाक येणारा, लंबगोल आणि कुरकुरीत असतो. साल पातळ असते. साखर चांगली भरते, आणि आंबटपणा इतका बेताचा राहतो की गोडी मचूळ वाटत नाही. खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी असे दोन्हीकडे चालणे, हा याचा मोठा गुण. एका बाजारात भाव पडला तर बागाईतदाराला दुसरी वाट उरते.

परंतु ही वेल लाडावलेली आहे, सेवा मागते. वर्षात तिच्या दोन छाटण्या होतात. एप्रिलमध्ये फळ उतरल्यावर 'खरड छाटणी'. तिच्यानंतरच्या दोन महिन्यांत, बाहेरून काही दिसत नसताना, नव्या काडीच्या डोळ्यांत पुढील हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात. त्या दिवसांत पुरेसे ऊन मिळाले नाही, तर नंतर काहीही करून घड येत नाहीत. मग ऑक्टोबरच्या सुमारास 'गोडी छाटणी', म्हणजे फळासाठीची. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना औषधाचे बोट लावायचे, फुटी विरळ करायच्या, फुलोऱ्यात आणि मणी धरल्यावर घड जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवायचे, दाटलेल्या घडातील मणी कात्रीने काढायचे. हे जिबरेलिक आम्ल म्हणजे वनस्पतींचे वाढद्रव्य. १९२६ साली कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने भाताची रोपे अवास्तव उंच करणाऱ्या एका बुरशीचा अभ्यास करताना त्याचा माग काढला. बियांच्या द्राक्षात मण्याला फुगवणारी द्रव्ये बीजातून मिळतात. या वेलीला बीज नाही, म्हणून ती उणीव बाहेरून भरावी लागते.

छाटणीचे हे काम पाहताना आपल्यापैकी अनेकांना योहानच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायाची आठवण होईल. फळ देणारा फाटाच माळी का छाटतो, हे पुस्तकात वाचून जेवढे कळते त्याहून अधिक एप्रिल महिन्यात तासगावच्या एखाद्या मांडवाखाली उभे राहिल्यावर कळते.

दुष्काळ आणि दुसऱ्याचे मूळ

१९७२ चा दुष्काळ या भागाने सोसला, २००३ चाही सोसला. बागा वाचवण्यासाठी लोकांनी टँकरने पाणी विकत घेऊन वेलींच्या बुंध्याशी घातले. विहिरी खोल गेल्या, त्यांचे पाणी खारवट झाले आणि थॉमसनच्या स्वतःच्या मुळ्या थकू लागल्या. तेव्हा उपाय सापडला तो पुन्हा परदेशी. टेक्सासच्या चुनखडीच्या माळावरील 'डॉगरिज' नावाच्या रानटी द्राक्षाचा खुंट आधी लावायचा आणि त्यावर तास-ए-गणेश वा सोनाकाची काडी कलम करायची. रानटी मुळाला खारे पाणी आणि उपासमार सोसते. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात मुळे कुरतडणाऱ्या फायलोक्झेरा किडीने बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हाही अमेरिकी खुंटानेच तेथील द्राक्ष वाचवले होते. आज आपल्याकडील बहुतेक नव्या बागा कलमी आहेत. वर आशियाची वेल, खाली अमेरिकेचे मूळ, आणि दोहोंना जोडणारे तासगावच्या माणसाचे हात!

ताकारी व म्हैसाळ योजनांतून कृष्णेचे पाणी उचलून पूर्वेकडे येऊ लागले आणि जिथे पोचले तिथे चित्र पालटले.

बेदाणा

मिरज-पंढरपूर रस्त्याने मार्च महिन्यात गेले की दुतर्फा उंच, चारी बाजूंनी उघड्या शेड दिसतात. आत तारेच्या जाळ्यांचे मजले, आणि त्यांवर पसरलेली द्राक्षे. पोटॅशियम कार्बोनेट आणि विशिष्ट तेल यांच्या द्रावणात द्राक्षे बुडवून काढली की सालीवरील मेणाचा थर सुटतो आणि सावलीत, वाऱ्यावर, साधारण पंधरवड्यात मणी सुकतो. चार किलोंहून थोडी अधिक द्राक्षे सुकतात तेव्हा एक किलो बेदाणा मिळतो. तासगाव आणि सांगलीच्या बाजार समित्यांत त्याचे सौदे होतात. २०१६ साली 'सांगली बेदाणा' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले.

बेदाण्याचा आपल्या उपासनेच्या इतिहासाशीही एक जुना धागा आहे. मिस्साबलीचा द्राक्षारस शुद्ध द्राक्षाचाच असावा, असा ख्रिस्तसभेचा दंडक आहे. १९८३ च्या धर्मसंहितेच्या ९२४ व्या कलमात तो नमूद आहे. जिथे द्राक्ष पिकत नव्हते, त्या मलबारच्या संत थोमाच्या परंपरेतील ख्रिस्ती लोकांनी एके काळी जहाजाने आलेली सुकी द्राक्षे पाण्यात भिजवून, पिळून तो रस वेदीवर ठेवला. सुक्या मण्याने त्यांची अडचण भागवली.

एका काडीवरचा संसार

आता चिंतेची गोष्ट. एवढा सगळा संसार एका काडीवर उभा आहे. तास-ए-गणेश, सोनाका, ही नावे निराळी, कूळ एकच. त्यामुळे एका वेलीचा जो दुबळेपणा, तोच साऱ्या शिवाराचा. पातळ सालीचा मणी पिकत असताना पाऊस आला तर तडकतो. फुलोऱ्यात ढगाळ हवा राहिली की 'केवडा' रोग घडच्या घड खाऊन टाकतो. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' वादळामुळे आलेल्या अवकाळी पावसाने हे भयंकर रीतीने दाखवून दिले. अलीकडच्या वर्षांत असा पाऊस नवलाचा राहिलेला नाही. फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण याच केवड्यावर शोधले. आपला बागाईतदार आजही ते फवारतो, आणि त्याच्या जोडीला इतर कितीतरी औषधे. त्याचीही किंमत मोजावी लागते. २०१० साली युरोपला गेलेल्या द्राक्षांत एका वाढरोधकाचा अंश सापडला, माल नाकारला गेला आणि अनेक घरे कर्जात बुडाली. तेव्हापासून निर्यातीच्या बागांची नोंद व अंश तपासणी अधिक काटेकोर झाली.

यावर उपाय म्हणून पाऊस सोसणारी, रंगीत, नवी परदेशी वाणे येत आहेत. त्यांतील अनेकांवर निर्मात्या कंपन्यांचा हक्क आहे. लावायची तर स्वामित्वशुल्क द्यायचे, आणि काडी शेजाऱ्याला द्यायची नाही. संशोधनाला खर्च येतो, तेव्हा मोबदला मागण्यात अन्याय आहे असे म्हणता येणार नाही. तरीही मनात तुलना उभी राहतेच. आपल्याकडे २००१ चा वाणसंरक्षण कायदा होण्यापूर्वी वाणावर मालकी सांगण्याची सोयच नव्हती. तास-ए-गणेश आणि सोनाका या वाणांचा प्रसार त्याच काळात काडीकाडीने झाला. त्या कायद्याने शेतकऱ्यालाही आपण निवडलेल्या वाणाची नोंद करता येते आणि बियाणे राखण्याचा, देण्याघेण्याचा त्याचा जुना हक्कही मान्य झाला आहे, ही समाधानाची गोष्ट.

त्या वयस्क बागाईतदारांना मी निघताना विचारले होते, "तुमच्या बागेची पहिली काडी कुठून आली?" ते थोडे आठवून म्हणाले, "पावण्याकडनं. अन् आमच्याकडनं किती जणांनी न्हेली, त्याचा हिशोब कुणी ठिवला न्हाई बघा."

तेव्हा पाहुण्याच्या प्रश्नाचे उत्तर आता मी असे देतो. ही वेल मुळात इथली नव्हे. ती आशियाच्या कोरड्या मुलुखातून निघाली, कॅलिफोर्नियात तीन काड्यांपैकी एकीच्या रूपाने वाचली, आणि बोरगावच्या एका शेतकऱ्याच्या नजरेमुळे तासगावची झाली. तिला बीज नाही. तिला जपणारे हात आहेत. पुढच्या वेळी विश्रामबागेच्या गाडीवरून द्राक्षांची पिशवी घरी न्याल, तेव्हा एक मणी उभा चिरून मुलांना ती बीजाची मऊ खूण दाखवा, आणि ही गोष्ट त्यांना सांगा.